पाणीवेशीसमोरचे वाचन

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात डिसेंबर उजाडला की संत्र्याच्या बगिच्यांचे पाणी तोडतात. बघता बघता पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. नवख्या वाटसरूला वाटावे, मालकाने बाग वाऱ्यावर सोडली. मालक मात्र दिवस मोजत असतो. जमीन हलकी असेल तर ताण थोडा, भारी काळी असेल तर जास्त. मग जानेवारीत एके दिवशी तो ताण तोडतो, आळ्यांत पाणी सोडतो, आणि थोड्याच आठवड्यांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. हा आंबिया बहार. ही झाली मोठ्या झाडांची गोष्ट. ज्याने नवी कलमे लावली त्याला पहिल्या पिकासाठी चार-पाच वर्षे तरी थांबावे लागते. आपण इथे टिकू की नाही अशी ज्याला धास्ती आहे, तो संत्रा लावत नाही. तो ज्वारी-कापूस पेरतो आणि हंगाम संपला की मोकळा होतो.

सुमारे २,६०० वर्षांपूर्वी यरुशलेमहून बाबेलला एक पत्र गेले, त्यात याच हिशेबाची गोष्ट होती. पत्र लिहिणारा संदेष्टा यिर्मया. ज्यांना लिहिले ते यहूदी पाडाव होऊन बाबेलच्या कालव्यांकाठी पडले होते आणि आज ना उद्या परत जाऊ या आशेवर गाठोडी बांधून बसले होते. हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असे जाहीर सांगत होता, आणि लोकांना ते गोड लागत होते. यिर्मयाने ७० वर्षांचा आकडा सांगितला. तेव्हा घरे बांधा, बागा लावून त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या शहरात आहात त्याचे भले चिंता आणि त्यासाठी प्रार्थना करा, असे त्याने कळवले. ज्यांनी आपल्याला धरून नेले त्यांच्याच शहराचे भले! हे पत्र बायबलमध्ये यिर्मयाच्या ग्रंथात, २९व्या अध्यायात आहे. परमुलखातल्या किंवा अल्पसंख्य ख्रिस्ती मंडळ्यांनी शतकानुशतके ज्या मजकुरांचा आधार घेतला, त्यांत याचा क्रमांक बराच वरचा.

मूळ घटना अशी. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेम घेतले आणि तरुण राजा यहोयाखीन, त्याचे सरदार, कारागीर व लोहार यांना पाडाव करून नेले. शहर पुन्हा बंड करून उठू नये म्हणून हत्यारे घडवणारे हातच उचलून न्यायचे, ही त्यामागची युक्ती. तरीही बंड झाले. मग इ.स.पू. ५८६च्या सुमारास शलमोनाचे मंदिर जाळण्यात आले, तट पाडण्यात आला आणि माणसांचा आणखी एक तांडा पूर्वेकडे हाकला गेला.

पुढे त्यांचे काय झाले, याची साक्ष धर्मग्रंथाबाहेरही मिळते. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मृत्तिकापटांवर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना सरकारी कोठारातून दिलेल्या तेलाची नोंद आहे. राजा कैदेत होता, पण शिधा चालू होता. साध्या माणसांची हकिकत ‘अल-याहूदू’, म्हणजे यहूदाचे गाव, या बाबेलमधल्या वस्तीच्या पटांत आहे. इ.स.पू. ५७२पासून पुढे सुमारे शंभर वर्षांचे हे व्यवहार: खंडाने घेतलेली जमीन, जव आणि खजूर यांची देणी, कर, भागीदारी, वाटण्या. त्यांत अश्रू कुठे नाहीत. परक्या राज्यात शेती करणारी, कर भरणारी, मुलांना आपल्या देवाच्या नावावरून नावे ठेवणारी माणसे तेवढी दिसतात. यिर्मयाचे पत्र या गावापर्यंत पोचले होते का, ते कळायला मार्ग नाही. पण गाव वागले मात्र पत्राबरहुकूम.

खरा पेच होता तो देवळाचा. यज्ञ आणि बली यरुशलेमच्या मंदिरातच व्हायचे, आणि तेच गेले. मग उरले काय? सातव्या दिवशीचा विसावा, सुंता, ताटात काय चालते आणि काय चालत नाही याचे नियम, वंशावळ्या, पूर्वजांच्या गोष्टी आणि विलापाची गाणी. यांपैकी कशालाच चिरेबंदी लागत नव्हती. हिब्रू शास्त्रातल्या बऱ्याच ग्रंथांना त्यांचे आजचे रूप या बंदिवासात आणि त्यानंतरच्या काळात आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या धर्माचा सगळा भार एका इमारतीवर होता, तो पन्नासेक वर्षांत बोचक्यात बांधून नेता येईल असा झाला.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेशाने बाबेल जिंकले आणि परतीची वाट उघडली. त्याचा प्रसिद्ध मातीचा लेख १८७९ मध्ये सापडला आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात यहूद्यांचे नाव नाही. मात्र निरनिराळ्या ठिकाणचे देव आणि माणसे आपापल्या जागी परत पाठवल्याचे त्यात म्हटले आहे, आणि बायबलमधली हकिकत या धोरणाशी जुळते. सगळेच परतले असेही नाही. पुष्कळांनी बाबेलमध्येच राहणे पसंत केले. बागा आता फळांवर आल्या होत्या. जे परतले त्यांनी दुसऱ्या मंदिराचा पाया घातला, त्या दिवसाचे एज्राच्या ग्रंथातले वर्णन विसरता येत नाही. तरुण जयघोष करत होते. ज्या म्हाताऱ्यांनी पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिले होते, ते मोठ्याने रडत होते. दुरून ऐकणाऱ्याला जयघोष कोणता आणि आक्रोश कोणता, ते ओळखू येईना.

पुढे इ.स.पू. ४४५च्या सुमारास नहेम्या आला. इराणी बादशहाचा हा प्यालेबरदार सुट्टी मागून गावी आला आणि त्याने ५२ दिवसांत तट उभा केला. पण नवजीवनाचा खरा दिवस तटाचा नव्हता. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले. पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना समजत होते ती सारी. एज्रा शास्त्री लाकडी मचाणावर चढला आणि पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचत राहिला. लेवी लोक गर्दीत फिरून अर्थ सांगत होते. घरी अरामी बोलणाऱ्या पिढीला हिब्रू कठीण जाऊ लागली होती. हा अर्थ म्हणजेच भाषांतराची सुरुवात, असे यहूदी परंपरा मानते. ऐकता ऐकता लोक रडू लागले. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आज रडायचे नाही. गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नसेल त्यांना वाढून पाठवा.

वाचन, मग निरूपण, मग प्रसाद. मराठी माणसाला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

या कथेला मराठी मुलखात एक विलक्षण वळण मिळाले. कोकणात शतकानुशतके एक समाज शनिवारी घाणा बंद ठेवत होता. तेल गाळणाऱ्या या लोकांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. ते बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात जोडपी तेवढी वाचली आणि ग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ गेले तरी शनिवार राहिला, सुंता राहिली, खाण्यापिण्याचे नियम राहिले, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना राहिली. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तीच. मलिद्याच्या ताटात पोहे, गूळ, खोबरे आणि फळे ठेवून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची आठवण काढली जाई. आडनावे गावांवरून: दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, नवगावकर. सणांची नावे अस्सल कोकणी: नव्याचा सण, खिरीचा सण. मंदिराच्या विध्वंसासाठी यहूदी जग आव महिन्यात जो शोक पाळते, तो त्यांच्याकडे वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ झाला. यरुशलेमचे दुःख वालाच्या उसळीत जपून राहिले.

मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. पण हाती ग्रंथ आणि जिभेवर हिब्रू यायला अजून अवकाश होता. कोचीनच्या यहूद्यांनी त्यात हात दिला, आणि दुसरा हात आला तो अनपेक्षित दिशेने.

अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ मध्ये मुंबईत उतरली, स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. या मिशनऱ्यांना बेने इस्राएल म्हणजे जुन्या कराराच्या पानांतून उठून आलेली माणसे वाटली. त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून तयार केले. बायबलचे भाषांतर एकेका पुस्तकाने मराठीत येत गेले. अब्राहाम, योसेफ, मोशे, यिर्मया, एज्रा आणि नहेम्या यांच्या कथा या समाजाने सलग आणि आपल्या भाषेत वाचल्या त्या अशा. आपल्या पूर्वजांचा बंदिवास मराठी यहूद्यांना सविस्तर कळला तो मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या छापखान्यातून.

मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. शास्त्र वाचले की हे लोक ख्रिस्ताकडे वळतील, असा त्यांचा कयास. घडले उलटेच. ख्रिस्ती झालेले अगदी थोडे. बाकीच्यांनी तेच शास्त्र घेऊन आपला यहूदी धर्म पक्का केला. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा निघाली. आपल्या समाजाचा इतिहासही त्यांनी लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला.

आणि कीर्तन आले. १८८०च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांची मराठी कीर्तने होऊ लागली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, ओवी, सगळा थाट हरिदासी, आणि आख्यान योसेफाचे नाहीतर मोशेचे. तिकडे अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारखे ख्रिस्ती कीर्तनकार त्याच साच्यात ख्रिस्तकथा सांगत होते. एकाच ग्रंथाचे दोन वारसदार, दोघांनी उचललेली वीणा एकच, आणि ती उसनी घेतलेली वारकरी-हरिदासी परंपरेकडून. पाणीवेशीसमोर लेवी करत होते ते काम मराठीत टाळ-मृदंगावर चालले होते.

ख्रिस्ती बाजूला या कथेचा अर्थ लागायला वेळ लागला. मिशनरी प्रवचनांत बंदिवास म्हणजे पापाची शिक्षा आणि परत येणे म्हणजे देवाची कृपा, एवढा ठराविक पाठ असे. पण मराठी ख्रिस्त्यांच्या पहिल्या पिढ्यांना बंदिवास पुस्तकातच वाचावा लागत नव्हता. बाप्तिस्मा घेतला की पाणवठा तुटे, पंगत तुटे, कधी बायकोमुलेही दुरावत. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची गोष्ट मध्य प्रांतातच सुरू होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई यांची आणि त्यांची ताटातूट झाली ती वर्षानुवर्षांची. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त त्या काळाचे वर्णन विनोद आणि वेदना यांची सरमिसळ करत येते, पायाभरणीच्या दिवशीच्या त्या आवाजासारखे.

टिळकांनी जे ओळखले ते यिर्मयाच्या पत्राच्या फार जवळचे होते. ख्रिस्ती धर्म इथे राहायचा असेल तर पाहुण्यासारखा राहून चालणार नाही, त्याने इथल्या मातीत झाड लावले पाहिजे. म्हणून अभंग, म्हणून ओवी, म्हणून ‘ख्रिस्तायन’, जे अपुरे राहिले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाने नवी वाट धरली. मंडळीच्या नवजीवनाला परदेशातून येणारा पैसा पुरत नाही, असे त्यांना वाटू लागले होते.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली होती. १८९६-९७च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुली व विधवांना, सुमारे ३०० जणींना, घेऊन आल्या. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. शेती, विणकाम, घाणा, छापखाना, सगळे बायकांच्या हाती. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून त्यांनी अख्खे बायबल सोप्या मराठीत उतरवले. पंडिती भाषांतर खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार. खिळे जुळवणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या स्त्रियाच होत्या. पाणीवेशीच्या गर्दीत ‘ज्यांना समजत होते ती सारी’ जमली होती. आपल्या सदनातली एकही बाई न समजणाऱ्यांत राहू नये, असा जणू रमाबाईंचा हट्ट होता.

बाबेलमध्ये मागे राहिलेल्यांचेही मराठी मुलखाशी नाते जुळले. तिथली यहूदी वस्ती हजार वर्षांहून अधिक काळ विद्येचे माहेर ठरली. बाबेलचा तालमूद हा ग्रंथ तिचाच. त्या भूमीतले, बगदादचे, डेव्हिड ससून एकोणिसाव्या शतकात मुंबईत व्यापाराला आले. पुण्यातले १८६७ मध्ये पुरे झालेले त्यांचे सिनेगॉग पुणेकरांनी कधीच ‘लाल देऊळ’ करून टाकले. मात्र बगदादी मंडळी बेने इस्राएलांना बरोबरीचे मानायला बराच काळ तयार नव्हती. इस्राएल राष्ट्र झाल्यावर तिकडे गेलेल्या बेने इस्राएलांनाही विवाहाच्या बाबतीत आपले यहूदीपण सिद्ध करण्याची वेळ आली. आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण यहूदी म्हणून मान्य केले. एज्राच्या काळातही परतलेल्यांत आणि यहूदातच मागे राहिलेल्यांत खरा कोण, हा वाद पेटला होता.

त्याच पांढुर्णा-सौंसरच्या, छिंदवाड्याच्या मुलखात ही कथा आली तेव्हा तिची भावंडे इथे आधीच होती. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या लिंगोचे दीर्घ गीत टिपून घेतले. गोंड एका गुहेत कोंडले जातात, तोंडावर प्रचंड शिळा, आणि लिंगो त्यांना सोडवतो, असा त्याचा गाभा. हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढले. बंदिवास आणि सुटका सांगायला आलेल्या माणसाने तीच गोष्ट इथल्या माणसांच्या तोंडून उतरवून घेतली होती. नंतर स्वीडनच्या लुथरन मिशनने सागर-छिंदवाडा भागात हिंदीतून काम उभारले. मध्य प्रदेशच्या लुथरन चर्चचे मुख्यालय आजही छिंदवाड्यात आहे. नागपूरकडून मराठी शास्त्र, छिंदवाड्याकडून हिंदी, आणि मधे सौंसर-पांढुर्णा.

मधे असणे हे या दोन तालुक्यांच्या नशिबीच आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी राज्य पुनर्रचना झाली, नागपूरसह आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. इथली माणसे कुठेच गेली नाहीत. सीमा तेवढी हलली. याला बंदिवास म्हणणे म्हणजे शब्दाची चेष्टा होईल. तरीही राजधानी, पाटी आणि सरकारी कागद यांची भाषा बदलली आणि चुलीपाशी, भजनात, पोळ्याला मराठीच राहिली. राजाश्रयाविना भाषा कशावर टिकते, याचा हा धडा, अल-याहूदूच्या पटांशी ताडून पाहावा असा. ५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्याला मात्र सीमा लागत नाही. पलीकडच्या वरूड तालुक्यातले शेंदूरजना घाट कलमांसाठी नावाजलेले. तिथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळे एकाची, फळ दुसऱ्याचे. शेत पलीकडे असेल तर कागद सातबाऱ्याचा, अलीकडे असेल तर खसऱ्याचा.

कागदावरून यिर्मयाची आणखी एक गोष्ट आठवते. नबुखद्नेस्सराच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातला होता, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत होता, आणि त्याबद्दल तो पहाऱ्यात अडकला होता. अशा वेळी चुलतभाऊ आला आणि म्हणाला, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. यिर्मयाने १७ शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार बोलावले, खरेदीखताच्या दोन प्रती करवल्या, एक मोहोरबंद, एक उघडी. मग आपला लेखक बारूख याला त्या मातीच्या मडक्यात घालायला सांगितल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. शहर पडले. यिर्मयाला पुढे त्याच्याच लोकांनी मिसरला नेले. ते शेत त्याने कधी कसले, अशी नोंद त्याच्या ग्रंथात नाही.